चालतंय, पण तसंच चालतंय का?

एका जुन्या ॲडव्हेंचर गेममधला पौर्णिमेचा चंद्र मी कित्येक वर्षं चपटा बघितलाय. आडव्या अंड्यासारखा. मला वाटायचं त्या काळच्या चित्रकाराला गोल जमला नसेल, ३२० बाय २०० पिक्सेलमध्ये कितीसा गोल येणार, चालायचंच. मग एकदा सेटिंगच्या फाईलमध्ये काहीतरी दुसरंच शोधताना ॲस्पेक्ट नावाची ओळ दिसली, तिथलं फॉल्स काढून ट्रू केलं आणि चंद्र गोल झाला. चंद्रच काय, ज्यांना मी इतकी वर्षं बुटबैंगण समजत होतो ती सगळी माणसं एकदम धडधाकट उंचीची झाली.

झालं असं होतं की ते ३२० बाय २०० चं चित्र तेव्हा ४:३ आकाराच्या काचेच्या मॉनिटरवर ताणून भरायचं, त्यामुळे प्रत्येक पिक्सेल रुंदीपेक्षा उंचीला जास्त, साधारण १.२ पट. आजच्या स्क्रीनचा पिक्सेल चौरस, म्हणून तेच चित्र चपटं दिसतं. डॉसबॉक्स म्हणजे विंडोजच्या आधीच्या डॉस सिस्टीमचे गेम आजच्या मशीनवर चालवणारा एम्युलेटर, जुन्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्रॅम. त्याच्या ०.७४ व्हर्जनमध्ये, जे २०१० साली आलं आणि अजूनही ढिगाने मशीनवर पडलेलं आहे, ही दुरुस्ती आपणहून चालू नसते. पण गेम सुरू होतो, आवाज येतो, कीबोर्ड चालतो, म्हणून आपण खूश, आणि कोणी विचारलं की आपण बिनधास्त सांगतो, मस्त चालतंय.

याच "चालतंय" वर माझा आक्षेप आहे. जुना गेम आजच्या मशीनवर चालवायला एम्युलेटर निवडताना आपण चालतोय का एवढंच बघतो आणि तिथेच थांबतो. एकट्याच्या हौसेपुरतं असतं तर ठीक होतं, पण मूळ मशीन भंगारात गेलीत, जी उरलीत ती संग्रहवाल्यांकडे, त्यामुळे जास्तीत जास्त लोक जो एम्युलेटर वापरतात त्यात गेम जसा दिसतो तसाच तो पुढच्या लोकांना माहीत राहणार आहे. चपटा तर चपटा. म्हणून मी कोणता एम्युलेटर घ्यायचा हे ठरवताना स्पीड, चकचकीत मेनू वगैरे सगळं नंतर बघतो, आधी एकच बघतो की हा गडी कुठे काय बदलतो, कुठे शॉर्टकट मारतो, हे उघड सांगतो का, आणि मला ते बदलू देतो का.

आता मुळात एम्युलेटर लागतोच कशाला, जुनी फाईल डबल क्लिक केली की चालायला काय धाड भरलीय, तर कारणं बरीच आहेत. ६४ बिटवाल्या विंडोजने १६ बिटचे प्रोग्रॅम चालवणं सोडून दिलं, आणि विंडोज ११ तर फक्त ६४ बिटमध्येच मिळते, त्यामुळे डॉसचे गेम आणि सुरुवातीच्या विंडोजचे गेम तिथे थेट सुरूच होत नाहीत. पण त्याहून मजेशीर कारण म्हणजे स्पीड. पहिला आयबीएम पीसी ४.७७ मेगाहर्ट्झचा होता आणि बऱ्याच जणांनी गेम लिहिताना मशीन एवढंच पळणार असं धरून लिहिले, घड्याळ बघायचं नाही, प्रोसेसर जेवढं पळेल तेवढा गेम पळेल. १९९० चा विंग कमांडर वेगवान मशीनवर टाकला तर लढाई कळायच्या आत आपण मेलेले असतो. जुन्या कॅबिनेटवरचं टर्बो बटण आठवतंय का, त्याचं नावच फसवं, त्याचा खरा उपयोग टर्बो काढून मशीन हळू करायला व्हायचा.

आणि पास्कल भाषेत प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांचा तो रनटाइम एरर २००! बोरलँडच्या पास्कलमध्ये लिहिलेले कित्येक प्रोग्रॅम सुरू होताना मशीन किती पळतं ते मोजायचे, त्यासाठी एक भागाकार करायचे, आणि मशीन फारच वेगवान निघालं की उत्तर ठरलेल्या जागेत मावायचं नाही आणि प्रोग्रॅम तिथेच आडवा. म्हणजे मशीन चांगलं आहे म्हणून गेम मेला, बिघाड म्हणावा तर कुठेच नाही. हे असं सगळं असल्यामुळे जुना गेम म्हणजे फक्त त्याची फाईल नसते, त्याच्याखालचं मशीन, त्याचा वेग, त्याचं साउंड कार्ड, त्याचा मॉनिटर, हे सगळं मिळून तो गेम असतो आणि एम्युलेटरला यातलं किती उभं करायचं हे ठरवावं लागतं. प्रत्येक एम्युलेटर वेगळं ठरवतो, आणि खरी निवड आपण इथे करत असतो, फक्त ती केल्याचं आपल्याला कळत नाही.

पॉइंट अँड क्लिक ॲडव्हेंचर, म्हणजे माउसने क्लिक करत सोडवायचा गेम, असेल तर मी डोळे झाकून स्कमव्हीएम सांगतो. गंमत म्हणजे तो एम्युलेटर नाहीच. १९८७ च्या मॅनियॅक मॅन्शनसाठी लुकासफिल्म गेम्सने स्कम नावाची एक स्क्रिप्टची भाषा केली, पुढचे कितीतरी गेम त्याच भाषेत आले, आणि २००१ मध्ये लुडविग स्ट्रिगेउस आणि त्याच्या जोडीदाराने ती भाषा वाचणारा प्रोग्रॅमच नव्याने लिहिला. तुमच्याकडे गेमच्या मूळ डेटा फायली असल्या की झालं, खाली डॉस आहे का फोन आहे का काय आहे त्याच्याशी घेणंदेणं नाही. याच लुडविगने नंतर ट्रान्सपोर्ट टायकून या गेमचं मशीनकोड उलगडत बसून ओपनटीटीडी ही त्याची खुली आवृत्ती उभी केली, २००४ मध्ये. काही लोकांची सुट्टी आपल्या नोकरीपेक्षा भारी असते.

डूमचं उदाहरण तर माझ्या मुद्द्याला अगदी चपखल बसतं. हा गोळीबाराचा गेम १९९३ चा, सोर्स कोड १९९७ च्या डिसेंबरमध्ये खुला केला, त्यामुळे त्याचे पोर्ट, म्हणजे दुसऱ्या मशीनवर चालणाऱ्या आवृत्त्या, शेकड्याने निघाले. त्यातला चॉकलेट डूम मूळ डॉसवाल्या गेमसारखाच वागतो, मुद्दाम, मूळ गेममधल्या चुकांसकट, जुन्या मर्यादा पण तशाच ठेवतो. जीझेडडूम एकदम उलटा, वर-खाली बघता येतं, रिझोल्यूशन वाट्टेल तेवढं, नवीन लायटिंग, मॉड्सचा, म्हणजे खेळणाऱ्यांनी केलेल्या बदलांचा, महापूर. यातलं बरोबर कोणतं? दोन्ही. कारण दोघंही आपण काय करतोय ते लपवत नाहीत. जीझेडडूम खेळणाऱ्याला माहीत असतं की हे १९९३ चं नाही, आणि ज्याला १९९३ चं बघायचंय त्याच्यासाठी शेजारीच दार उघडं आहे. एवढंच मला हवंय, बदलू नका असं मी म्हणतच नाही.

बाकी डॉसच्या गेमसाठी डॉसबॉक्स, २००२ पासूनचा. तो एक पुरेसा पीसी उभा करतो, अख्खा पीसी करत नाही. सायकल्स नावाच्या सेटिंगने वेग ठरवायचा, आणि इथे लोक वैतागतात कारण सायकल्सचा आकडा म्हणजे मेगाहर्ट्झ नाही, काही गेमला ३००० पुरतात, काहींना त्याच्या दहापट, आणि करून बघण्याशिवाय इलाज नाही. जुन्या ०.७४ पेक्षा मी आता त्याचे फोर्क, म्हणजे त्याच्याच कोडवरून निघालेले फाटे, सांगतो. डॉसबॉक्स स्टेजिंग घेतला तर चंद्र पहिल्याच दिवशी गोल दिसतो, आणि विंडोज ९५, ९८ टाकून बघायची खाज असेल तर डॉसबॉक्स-एक्स. स्टेजिंगमध्ये एमटी-३२ या संगीत यंत्राची सोय पण आतच आहे, त्याचा रॉम, म्हणजे त्याच्या चिपमधला कोड, तेवढा आपण आणायचा, आणि यावर मला दोन मिनिटं बोलू द्या कारण आवाजाच्या बाबतीत आपण चित्रापेक्षा जास्त फसलेलो आहोत.

रोलँडचं एमटी-३२ हे १९८७ चं संगीतकारांसाठीचं यंत्र, सिएरा या गेम कंपनीने १९८८ च्या किंग्ज क्वेस्ट ४ पासून त्याच्यासाठी संगीत द्यायला सुरुवात केली. ज्यांच्याकडे ते यंत्र नव्हतं, म्हणजे जवळजवळ सगळेच, त्यांनी तेच संगीत ॲडलिब साउंड कार्डाच्या चिपवर ऐकलं नाहीतर थेट पीसी स्पीकरच्या पीं-पीं वर. मी पण पीं-पीं वालाच. एम्युलेटरमध्ये पहिल्यांदा एमटी-३२ लावून तेच गेम ऐकले तेव्हा हे असं होतं होय, एवढंच तोंडातून निघालं. आता सांगा, मूळ अनुभव कुठला? संगीतकाराने जो डोक्यात ठेवून लिहिला तो, का बहुतेक लोकांनी खरोखर ऐकला तो? मला याचं एक उत्तर देता येत नाही आणि द्यायचं पण नाही, पण दोन्ही ऐकता आले पाहिजेत आणि आपण त्यातलं कुठलं ऐकतोय हे माहीत पाहिजे.

सगळ्यात अवघड काळ म्हणजे १९९५ ते २००० च्या आसपासचा, विंडोजचे सुरुवातीचे थ्रीडी गेम. डॉसबॉक्सला जड, आजच्या विंडोजला परके. वूडू या तेव्हाच्या थ्रीडी ग्राफिक कार्डसाठी लिहिलेला गेम असेल तर आधी डीजीवूडू किंवा एनग्लाइड लावून बघायचं, हे मधे बसून जुन्या कार्डची भाषा नव्या कार्डला समजावून सांगतात. लिनक्सवाल्यांनी वाइन, म्हणजे विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारा प्रोग्रॅम, बघावं, ६४ बिट मशीनवर १६ बिटचे विंडोज प्रोग्रॅम पण त्यात बरेचदा चालून जातात, विंडोजला जे नको झालं ते लिनक्सवर चालतं हा विनोद जुना झाला तरी मला अजून हसू येतं. आणि काहीच जमलं नाही तर अख्खं जुनं मशीन उभं करणारा पीसीईएम किंवा त्यातून निघालेला ८६बॉक्स. इथे मदरबोर्ड निवडायचा, प्रोसेसर निवडायचा, ग्राफिक कार्ड निवडायचं, बायॉस (मशीन सुरू करणारा मूळ प्रोग्रॅम) सेट करायचा, विंडोज टाकायची, ड्रायव्हर शोधायचे, म्हणजे तेव्हाचा सगळा मनस्ताप अगदी अस्सल मिळतो. मशीन पण तगडं लागतं, नुसतं पेंटियमच्या वेळचं काही उभं करायला आजच्या चांगल्या प्रोसेसरला घाम फुटतो. एका गेमसाठी एवढं करू नका. पण ज्याला त्या मशीनचंच कुतूहल आहे त्याला यासारखं दुसरं काही नाही.

आता अचूकतेचा मुद्दा, ज्यावरून हौशी लोकांत कायम जुंपते. त्यासाठी जरा कॉम्प्युटर सोडून कन्सोलकडे जातो कारण तिथली गोष्ट फार बोलकी आहे. सुपर निन्टेंडोचा झेडस्नेस नावाचा एम्युलेटर १९९७ चा, तेव्हाच्या दुबळ्या मशीनवर सुसाट पळायचा, सगळ्यांकडे तोच. पळायचा कारण बऱ्याच गोष्टी तो ढोबळ करायचा. मग लोकांनी जुन्या गेममध्ये बदल करून आपले गेम बनवले, ते झेडस्नेसवरच तपासले, आणि त्यातले कित्येक खऱ्या कन्सोलवर चालेनात! कारण झेडस्नेस ज्या चुका माफ करायचा त्या खरं मशीन करत नव्हतं. म्हणजे नकलेवर बेतलेली अस्सल वस्तू, जी मूळ जागी बसत नाही. पुढे अचूक एम्युलेटर आले तेव्हा लोकांनी त्यांनाच शिव्या दिल्या, की आमचा गेम तुमच्यात का चालत नाही. मी म्हणतो ना की जास्त लोक वापरतात तेच खरं होऊन बसतं, ते हे असं.

दुसऱ्या टोकाला बायू नावाने ओळखला जाणारा प्रोग्रॅमर, ज्याने बीस्नेस लिहिला. त्याचं म्हणणं, मशीनमध्ये प्रत्येक टिकटिकीला जे चालतं तसंच करायचं, आणि त्यासाठी २०११ च्या सुमारास तीन गिगाहर्ट्झचा प्रोसेसर लागेल असं त्याने मोकळेपणाने सांगितलं होतं. मूळ कन्सोल होता पुरता चार मेगाहर्ट्झचाही नाही. लोक हसले. पण त्याने दाखवून दिलं की काही गेम ढोबळ एम्युलेटरमध्ये मधल्याच एका लेव्हलला अडकतात, स्पीडी गोन्झालेसचा एक गेम एका बटणापाशी गोठायचा, आणि तिथपर्यंत कोणी खेळलंच नाही तर कळणार कसं. डेमो, म्हणजे मशीनची करामत दाखवणारे छोटे प्रोग्रॅम, बनवणाऱ्यांनी तर २०१५ मध्ये ८०८८ एमपीएच नावाचा डेमो खास मूळ आयबीएम पीसी आणि सीजीए ग्राफिक कार्डासाठी लिहिला, त्या जुनाट कार्डातून हजाराच्या वर रंग काढून दाखवले, आणि त्या वेळच्या सगळ्या पीसी एम्युलेटरांची त्यापुढे दांडी गुल झाली. आपल्याला वाटत होतं तो पीसी आपल्याला पूर्ण कळलाय. तीस-पस्तीस वर्षांनी कळलं की नाही.

तरीपण "अचूक तोच खरा, बाकी सगळा कचरा" म्हणणाऱ्यांच्या बाजूला मी नाही. एखाद्या पोराला जुना गेम अर्धा तास बघायचाय, त्याच्याकडे साधा लॅपटॉप आहे, त्याला तुम्ही ८६बॉक्समध्ये आयआरक्यूसारखी हार्डवेअरची सेटिंग करायला बसवलं तर तो आयुष्यात परत जुन्या गेमकडे फिरकणार नाही. इंटरनेट आर्काइव्हने २०१५ च्या जानेवारीत डॉसचे २४०० च्या आसपास गेम ब्राउझरमध्येच खेळता येतील असे ठेवले, वेग कमीजास्त, आवाज कधी फाटका, पण क्लिक केलं की सुरू. त्याने जेवढ्या लोकांना जुने गेम दाखवले तेवढे कुठल्या अचूक एम्युलेटरने दाखवले नसतील. ढोबळपणा हा गुन्हा नाहीये, ढोबळ असून मूळ म्हणून खपवणं हा आहे.

आणि खपवणारे आहेत. फोनच्या ॲपमध्ये तर बघवत नाही, कोणाचातरी फुकटचा खुला एम्युलेटर घ्यायचा, नाव बदलायचं, सेटिंग लपवायची, वर जाहिराती डकवायच्या. गेम विकणाऱ्या मोठ्या दुकानांचं पण थोडंफार तसंच. मी पैसे देऊन घेतलेल्या एका गेमचं फोल्डर उघडून बघितलं तर आत डॉसबॉक्स, जुनं व्हर्जन, सेटिंग कोणीतरी घाईत केलेली, संगीत ॲडलिबवर बांधलेलं जेव्हा गेममध्ये त्याहून चांगली सोय होती, आणि विकत घेताना या कशाचा उल्लेख नाही. डॉसबॉक्स वापरला याबद्दल तक्रार नाही, उलट आनंद आहे, पण पाकिटावर जसं आत काय आहे ते लिहितात तसं इथे पण लिहा ना, कोणता एम्युलेटर, कोणतं व्हर्जन, काय बदललंय. दोन ओळींचं काम आहे.

यावर हमखास येणारा प्रश्न, हे सगळं कायदेशीर आहे का. एम्युलेटर स्वतः बनवणं, दुसऱ्याचा कोड न चोरता, हे अमेरिकेत तरी बऱ्यापैकी मान्य झालेलं आहे, सोनी विरुद्ध कनेक्टिक्स खटल्यात २००० साली तिथल्या अपील कोर्टाने बायॉस उलगडून एम्युलेटर लिहिण्याला योग्य वापर मानलं. घोडं अडतं ते बायॉस, रॉम आणि खुद्द गेमवर. २०२४ मध्ये निन्टेंडोने त्यांच्या स्विच कन्सोलचा युझू नावाचा एम्युलेटर बनवणाऱ्यांवर केस केली, त्यांनी २४ लाख डॉलर द्यायचं कबूल करून दुकान बंद केलं, पण तो चालू कन्सोलचा मामला होता, कुलूप तोडण्याचा, त्याची आणि तीस वर्षं जुन्या फ्लॉपीची एकाच मापाने मापणी करणं मला पटत नाही.

कारण जुन्याची अवस्था बघा. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये मोजून सांगितलं की अमेरिकेत निघालेल्या जुन्या गेमपैकी ८७ टक्के आज रीतसर विकत मिळतच नाहीत. तिथे कंपनीच्या नावावरच्या कामाला प्रसिद्धीपासून ९५ वर्षं कॉपीराइट, म्हणजे १९९० चा गेम २०८५ संपेपर्यंत बंदिस्त. फ्लॉपी तोवर काय, त्याच्या अर्ध्या वाटेवरसुद्धा टिकणार नाही. लोक यावर अबॅन्डनवेअर असा शब्द वापरून मोकळे होतात, पण त्या शब्दाला कायद्यात काडीची किंमत नाही, मालक झोपलाय याचा अर्थ मालकी गेली असा होत नाही. लायब्ररींनी मागितलं होतं की जपलेले गेम अभ्यासकांना घरबसल्या बघू द्यावेत, ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या कॉपीराइट ऑफिसने तेही नाकारलं. पुस्तक जपायचं म्हटलं तर लायब्ररी, गेम जपायचा म्हटलं तर चोर, असं काहीसं.

आणि ज्याने पैसे मोजून सीडी घेतली त्याचं काय? सेफडिस्क नावाचं कॉपी प्रोटेक्शन त्या काळातल्या ढीगभर सीडींवर होतं, त्याचा ड्रायव्हर सुरक्षेला धोका म्हणून विंडोज १० मधून काढूनच टाकला. काढला ते बरोबरच. पण परिणाम असा की अस्सल सीडी ड्राइव्हमध्ये घालून बसलेल्याचा गेम सुरू होत नाही आणि क्रॅक, म्हणजे प्रोटेक्शन तोडलेली फाईल, वापरणाऱ्याचा होतो. प्रामाणिक माणसालाच चोराची किल्ली शोधायला लावायची, याला काय म्हणायचं.

मालकांनी मनात आणलं तर फार काही करावं लागत नाही हे आधीच सिद्ध झालंय. ॲमस्ट्रॅड कंपनीने १९९९ मध्ये सांगून टाकलं की आमच्या हक्काच्या स्पेक्ट्रम कॉम्प्युटरचे रॉम एम्युलेटरसोबत वाटा, फक्त कॉपीराइट आमचा आहे एवढं लिहा. झालं, त्या मशीनच्या एम्युलेटरांचा रॉमचा प्रश्न कायमचा मिटला. रेव्होल्यूशन कंपनीने बिनीथ अ स्टील स्काय हा आपला गेम २००३ मध्ये स्कमव्हीएमसाठी फुकट खुला केला आणि आज तो गेम लोकांना माहीत आहे त्याचं एक मोठं कारण तेच आहे. दोघांचंही काही वाकडं झालं नाही. विकायचा असेल तर विका, आम्ही घेतो, पण विकायचा नाही आणि कोणाला जपू पण द्यायचा नाही ही दोन्हीकडची अडवणूक कशाला.

आणि एक, खुल्या सोर्सचा आग्रह मी धरतो तो काही तत्त्वज्ञान म्हणून नाही. एम्युलेटर स्वतः पण जुना होतो. तो झेडस्नेस आता बघा, आजच्या मशीनवर तो चालवायचा तर आधी त्याचीच मनधरणी करावी लागते, उद्या एम्युलेटर चालवायला एम्युलेटर लागेल. कोड खुला असेल तर कोणीतरी उचलून पुढे नेतो, डॉसबॉक्सचं झालं तसं, पीसीईएमचं झालं तसं. मेम या आर्केड मशीनच्या एम्युलेटरचा कोड बघता येत होता तरी त्याचं लायसन्स अडचणीचं होतं, २०१६ मध्ये ते पण पूर्ण खुल्या लायसन्सखाली आलं, आणि त्यांची भूमिका तर मला सगळ्यात जास्त आवडते, आम्ही मशीन कसं चालायचं त्याची नोंद ठेवतोय, त्यावर गेम खेळता येतात हा बोनस.

बाकी तो चंद्र आता गोल आहे. पण तीच ॲस्पेक्टची सेटिंग मी दुसऱ्या एका गेमला लावली तर तिथल्या गाडीची चाकं उभट झाली, लांबोडकी, म्हणजे त्या चित्रकाराने बहुतेक चौरस पिक्सेल धरून चित्रं काढली आणि तेव्हाच्या मॉनिटरवर लोकांनी ती उभटच बघितली. खरं काय धरायचं, काढलेलं का बघितलेलं, यावर मी एक अख्खी संध्याकाळ घालवली. शेवटी त्या गेमपुरती सेटिंग बंद ठेवलीय, आणि फाईलमध्ये त्या ओळीच्या वर हॅश टाकून लिहून ठेवलंय: चाकं गोल दिसावीत म्हणून बंद केलंय, मूळ मॉनिटरवर ती उभटच दिसायची.